धुवून वाळवलेला कचरा

भाद्रपदात गंगेचा पूर ओसरला की आमच्या सोसायटीमागच्या बाभळी लक्तरं नेसून उभ्या राहतात. नाशकात आम्ही गोदावरीला गंगाच म्हणतो. पाणी चढत असतं तेव्हा सगळं शहर बघायला लोटतं. नदीपात्रातल्या दुतोंड्या मारुतीच्या मूर्तीच्या गुडघ्याला लागलं, कमरेला लागलं, असे फोटो एकमेकांना धाडले जातात, पुलाच्या कठड्याला टेकून भाजलेली कणसं खाल्ली जातात. पाणी उतरल्यावर मात्र कोणी फिरकत नाही. उतरलेलं पाणी जे मागे ठेवून जातं ते आपलंच असतं, त्याचा फोटो कोण काढणार. दुधाच्या पिशव्या, शाम्पूच्या पुड्या, वेफर्सची चंदेरी पाकिटं, गुटख्याच्या माळा, बाळांचे डायपर. आणि पुरुषभर उंचीवर, काट्यांत अडकलेली, वर नीट गाठ मारलेली निर्माल्याची पिशवी. त्या गाठीचं मला दरवर्षी नवल वाटतं. देवाची फुलं कुणाच्या पायाखाली येऊ नयेत म्हणून माणूस ती पिशवीत भरतो, गाठ मारतो, पुलावर गाडी थांबवतो, पिशवी नदीत फेकतो आणि मग नदीला नमस्कार करतो.

यंदाही तेच आहे. मी स्वयंपाकघराच्या गॅलरीत उभी राहून बघते. नोकरीतून मोकळी झाल्यापासून बघायला वेळच वेळ आहे. तेवीस वर्षं मी शाळेत भूगोल शिकवला. ‘गोदावरी त्र्यंबकेश्वरजवळ उगम पावते व बंगालच्या उपसागराला मिळते’ हे वाक्य इतक्या वेळा फळ्यावर लिहिलं की त्यातलं ‘व’ हे अक्षर केवढं लांबलचक आहे, त्यात किती गावं आणि किती माणसं राहतात, याचा कधी विचारच केला नाही. तो विचार मला करायला लागला तो बंदीच्या वर्षी.

बंदीचं वर्ष म्हणजे राज्यात प्लास्टिकच्या पिशव्या बंद झाल्या ते वर्ष. पहिले पंधरा दिवस आमची कॉलनी काय सुधारली होती. कपाटांतून लग्नांत आलेल्या कापडी पिशव्या बाहेर निघाल्या. एका प्रदर्शनात ‘वसुंधरा वाचवा’ असं छापलेल्या सुती पिशव्या विकायला आल्या, त्या आमच्यापैकी प्रत्येकीने तीन-तीन, चार-चार घेतल्या. एकेक पिशवी वेगळ्या प्लास्टिकच्या वेष्टनात होती, म्हणजे मळायला नको. श्रावणात भाजीवाल्याकडे पुन्हा पिशव्या आल्या, पण गाडीवर टांगलेल्या नाहीत, तागडीखाली लपवलेल्या. पूर्वीपेक्षा पातळ आणि काळ्या. मी त्याला चार शहाणपणाचे शब्द ऐकवले. तो मान खाली घालून मेथीची जुडी बांधत म्हणाला की पिशवी नाही दिली तर गिऱ्हाईक मेथी खाली ठेवून पुढच्या गाडीवर जातं. आठवड्याने महापालिकेचं पथक आलं आणि त्याची पावती फाडली गेली. त्या वेळी गाडीभोवती आम्ही सहा-सात बायका होतो, आणि सगळ्यांच्या हातांत त्याच काळ्या पिशव्या होत्या. आम्ही जरा बाजूला सरकलो, म्हणजे साहेबांना पावती फाडायला जागा व्हावी.

माझ्याही घरात ओट्याखाली पिशव्यांची एक पिशवी होतीच. ती कुणाच्या घरात नसते? माझं लहानपण देवळ्याला गेलं. तिथे तेल आणायला आम्ही किटली न्यायचो, गूळ कागदात यायचा, कांदा तागाच्या गोणीत जायचा. या आठवणी हल्ली लोक डोळे मिटून सांगतात, जणू आम्ही फार पुण्यवान होतो. मला त्याची चीड येते. आम्ही प्लास्टिक टाकत नव्हतो कारण आम्हाला ते मिळत नव्हतं. मिळालं त्या दिवसापासून आम्ही टाकायला लागलो. आता त्याच देवळ्यात माझ्या भावाच्या शेतात नांगराच्या फाळाबरोबर मातीतून मल्चिंगच्या, म्हणजे पिकाखाली अंथरलेल्या प्लास्टिकच्या, चिंध्या वर येतात आणि भाऊ त्या बांधावर लोटून देतो. वारा आला की त्या शेजाऱ्याच्या.

तर त्या वर्षी, पूर ओसरल्यावर, आमच्या मागच्या भिंतीशी सुमनबाई आली. चाळिशीची, चांदवडकडची, नवरा गवंड्याच्या हाताखाली. नदीच्या पलीकडे पत्र्याच्या खोलीत राहायची. लांब बांबूला विळा बांधून ती बाभळींवरचं प्लास्टिक खाली ओढायची, मग गुडघाभर चिखलात उतरून काठावरचं गोळा करायची. पहिल्यांदा मला वाटलं, कुठल्या तरी मंडळाची स्वच्छता मोहीम असेल. पण मोहिमेत लोक टोप्या घालतात आणि दहा वाजता नाश्ता करून घरी जातात. ही संध्याकाळपर्यंत वाकलेलीच.

भंगारवाला ओलं, चिखलाचं प्लास्टिक घेत नाही. म्हणून ती ते धुवायची. सोसायटीच्या बोअरचं पाणी टाकी भरली की एका नळीतून मागे वाहून जायचं, त्याखाली बादली लावायची आणि एकेक पिशवी उलटी करून, आतला गाळ काढून, खळबळून धुवायची. दुधाच्या वेगळ्या, रंगीत वेगळ्या, जाड वेगळ्या. मग दोन बाभळींना दोरी बांधून त्या वाळत घालायची. वाळल्या की पोत्यात दाबून भरायच्या आणि पोती आमच्या भिंतीला टेकवून ठेवायची, कारण उन्हं तिथे दिवसभर असायची आणि टेम्पोवाला एक टेम्पो भरल्याशिवाय यायला तयार नव्हता.

मी एकदा खाली जाऊन तिला म्हटलं, बाई, हे इथे किती दिवस राहणार? ती हात न थांबवता म्हणाली, “ऊन पडलं तर आठ दिवस. तुमच्याकडचंच हाय मॅडम, लांबचं नाय.” आणि खरंच, दोरीवर वाळत होती ती आमच्या गल्लीतल्या मिठाईवाल्याची पिशवी. त्याचं नाव, त्याचा गणपती, सगळं स्वच्छ दिसत होतं.

गॅलरीतून हे असं रोज बघणं सोसायटीला सोसेना. नदीत होतं तोवर त्या प्लास्टिकचा कुणाला त्रास नव्हता. नदीतून काढून, धुवून, वाळत घातल्यावर ते डोळ्यांत खुपायला लागलं. नदीचा व्ह्यू म्हणून ज्यांनी मागच्या बाजूचे फ्लॅट घेतले होते त्यांना पोती दिसायची. वास येतो, असं कुणी म्हणालं. डास होतात. पाहुणे येतात तेव्हा लाज वाटते. सोसायटीचे चेअरमन भामरे साहेब, मूळचे सटाण्याचे, कांद्याचा व्यापार मुलाकडे देऊन इकडे राहायला आलेले. त्यांनी गच्चीवर मीटिंग बोलावली. प्रत्येकाच्या खुर्चीवर पाण्याची दोन घोटांची बाटली ठेवलेली होती. लोकांनी एकेक घोट घेतला आणि बाटल्या खुर्चीखाली ठेवल्या. प्लास्टिकच्या द्रोणांतून भेळ फिरली. त्या सकाळीच कुणीतरी ग्रुपवर नाकात स्ट्रॉ अडकलेल्या समुद्री कासवाचा व्हिडिओ टाकला होता आणि खाली रडक्या तोंडांची रांग लागली होती. कासव लांबचं असलं की आमच्या डोळ्यांना लगेच पाणी येतं.

महापालिकेला अर्ज द्यायचं ठरलं, आणि तो मी लिहावा असंही ठरलं. मॅडमचं अक्षर चांगलं, भाषा चांगली. मी नाही म्हणू शकले असते. मी चष्मा लावला आणि लिहिलं: ‘सदर महिला सोसायटीलगत कचऱ्याचा साठा करीत असून त्यामुळे परिसराचे विद्रूपीकरण होत आहे व रहिवाशांच्या आरोग्यास धोका निर्माण झाला आहे.’ वाक्य वाचून दाखवलं तेव्हा दोघातिघांनी वा म्हटलं, आणि खोटं कशाला बोलू, मला ते आवडलं. सगळ्यांनी सह्या केल्या. माझी पहिली.

अर्जाच्या उत्तराची वाट बघण्याइतका धीर भामरे साहेबांना नव्हता. अर्जाची एक प्रत वॉचमनकडे दिली, बाईला दाखव म्हणून. आणि शनिवारी त्यांनी ओळखीच्या एकाचा ट्रॅक्टर मागवला.

मी तेव्हा नोकरीत होते, आणि शनिवारी शाळा अर्धा दिवस असायची. मी स्कूटीवरून घरी येत होते. नाक्यावर ट्रॅक्टर दिसला, ट्रॉलीत पोती रचलेली, आणि मागून सुमनबाई चाललेली. पळत नव्हती, पण भराभर चालत होती. चप्पल हातात धरली होती. ट्रॅक्टर पुढे जात होता आणि अंतर वाढत होतं. मी गाडी थांबवली. का थांबवली ते मला आजही नीट सांगता येत नाही. दया आली म्हणावं तर मला स्वतःला इतकं चांगलं म्हणायची हिंमत नाही. ती काही न विचारता मागे बसली. मी ट्रॅक्टरच्या मागे निघाले. माझ्या पर्समध्ये अर्ज लिहिलेलं ते पेन होतं.

मला वाटत होतं ट्रॅक्टर कचरा डेपोकडे वळेल. तो वळला नाही. तपोवनाच्या खालच्या अंगाला, जिथे वस्ती संपते आणि नदी एक वळण घेते, तिथे तो कच्च्या रस्त्याने उतरला. आम्ही पोचेपर्यंत ट्रॉली उलटी झाली होती. पोती उतारावरून घरंगळत गेली, काही फुटली, काही थेट पाण्यात पडली. ड्रायव्हर पंचविशीतला, साधा माणूस. मी त्याच्या अंगावर ओरडले तेव्हा तो गोंधळला. त्याला सांगितलं होतं लांब कुठंतरी टाक. त्याने लांब टाकलं होतं. तो ट्रॅक्टर घेऊन गेला.

सुमनबाई खाली उतरली होती. तिने पदर खोचला आणि पाण्यातलं पहिलं पोतं ओढायला घेतलं. मी काठावर साडी सावरत उभी. मग मलाच माझी शरम वाटली आणि मी चपला काढून उतरले. आम्ही दोघींनी तीन-चार पोती वर आणली. भिजलेलं पोतं किती जड असतं ते मला तोवर माहीत नव्हतं. पाचव्या पोत्याच्या वेळी काठावर ठेवलेल्या पर्समध्ये फोन वाजायला लागला, थांबून थांबून, ग्रुपवर मेसेज येतात तसा. मी वर जाऊन बघितलं. धरणातून विसर्ग वाढवला आहे, नदीकाठच्या नागरिकांनी सतर्क राहावे. त्र्यंबककडे दोन दिवस परतीचा पाऊस झोडपत होता. मेसेज तासाभरापूर्वीचा होता, आमच्या ग्रुपवर आत्ता पोचला होता, आणि त्याखाली भामरे साहेबांनी मोकळ्या झालेल्या भिंतीचा फोटो टाकला होता. फोटोखाली हात जोडलेले, अंगठे, कमळं.

मी वळून पाहिलं तर पाण्याचा रंग बदलला होता. मघाशी सुमनबाईच्या गुडघ्याखाली होतं ते मांडीला लागलं होतं. मी तिला वर बोलावलं. ती आली नाही. तिच्या हातात एक मोठं पोतं होतं, ते कुठल्या तरी मुळीत अडकलं होतं, आणि ती ते सोडवत होती.

“सुमनबाई, पाणी सोडलंय. सोडा ते.”

“दुधाच्या पिशव्या हायेत यात,” ती म्हणाली. “निवडलेल्या.”

मी आत गेले. मला पोहता येत नाही. पायाखालची वाळू सरकत होती आणि त्या क्षणी माझ्या डोक्यात तिचा जीवही नव्हता, माझाही नव्हता. उद्याच्या पेपरात माझं नाव कोणत्या बातमीत येईल, एवढंच होतं. मी तिचं मनगट धरलं आणि ओढलं. पोतं तिच्या हातून सुटलं. आम्ही दोघी रांगत वर आलो आणि बसून राहिलो. वर आणलेली पोतीसुद्धा पुरेशी वर नव्हती. पाण्याने ती एकेक करून उचलली. फुटलेल्या पोत्यांतून पिशव्या बाहेर पडून पाण्यावर पसरल्या, पांढऱ्या, निळ्या, गुलाबी. धुतलेल्या, वाळवलेल्या, जातवार निवडलेल्या. इतका स्वच्छ कचरा गंगेला कुणी कधी वाहिला नसेल.

बऱ्याच वेळाने मी तिला म्हटलं, “तो अर्ज मी लिहिला होता.”

ती पाय चोळत होती. तळव्याला काच लागून रक्त येत होतं. माझ्याकडे न बघता म्हणाली, “माहीत हाय. वॉचमननं वाचून दाखवला. मॅडमचं अक्षर लय चांगलं म्हनला.”

“मग माझ्या गाडीवर का बसलात?”

“चालत पोचले नसते ना.”

त्यानंतर ती आमच्या भिंतीकडे आली नाही. पाय बरा व्हायला तिला महिना गेला. मी दोनदा तिच्या खोलीवर गेले, मलम आणि फळं घेऊन. फळं प्लास्टिकच्या पिशवीत होती, हे दारात पोचल्यावर लक्षात आलं. तिने ती घेतली, पिशवी रिकामी केली, घडी घातली आणि कोपऱ्यातल्या ढिगावर ठेवली. रागावली नव्हती. माझ्यावर रागावण्याइतकी तिला मी महत्त्वाची वाटले नसावे. सोसायटीत मी झालेलं सगळं सांगितलं. लोकांनी ऐकून घेतलं. भामरे साहेब म्हणाले, बाई वाचली ना, देवाची कृपा. मग विषय दिवाळीच्या रोषणाईकडे गेला.

दिवाळीच्या सुट्टीत माझे यजमान आणि मी आंध्रात जायचं आधीच ठरवलं होतं. तिकिटं काढलेली होती. राजमहेंद्रीहून गाडी करून आम्ही अंतर्वेदीला गेलो, गोदावरीची एक धारा समुद्राला मिळते तिथे. आयुष्यभर नकाशावर दाखवलेली जागा एकदा पायाखाली घ्यावी, ही माझी जुनी हौस. सकाळची वेळ होती. नदी एवढी रुंद की पलीकडचा काठ म्हणजे नुसती एक रेघ. वाळू करडी. आणि भरतीने आणून टाकलेल्या रेषेवर, जिथवर नजर जाईल तिथवर, प्लास्टिक.

मी वाकून ते उचलून बघायला लागले. मराठी अक्षर शोधत होते. तेलुगू सापडलं, इंग्रजी सापडलं, बरंचसं असं होतं की त्यावर काहीच उरलं नव्हतं. उन्हाने आणि मिठाने नाव, गाव, रंग सगळं खाऊन टाकलं होतं. बोटांत धरलं की तुकडे पडायचे, तांदळाच्या कणीएवढे, आणि ते वाळूत मिसळले की वाळू कुठली आणि ते कुठले हे कळत नव्हतं. यजमान म्हणाले, “उगाच काय शोधतेस? मध्ये जायकवाडी आहे, पुढे कितीतरी बंधारे आहेत. आपलं इथवर येतच नाही.” मला क्षणभर हायसं वाटलं. आपली घाण वाटेतल्याच कुणाच्या तरी पिण्याच्या पाण्यात मुरते, समुद्रापर्यंत येत नाही, या कल्पनेने हायसं वाटलं. मग त्या हायसं वाटण्याचीच किळस आली.

थोड्या अंतरावर एक म्हातारा कोळी आणि त्याची बायको जाळं झटकत होते. मासे टोपलीत टाकत होते, थोडेच होते. जाळ्यात गुरफटलेलं प्लास्टिक सोडवून म्हातारा बाजूला ठेवत होता. सगळं जाळं मोकळं झाल्यावर त्याने तो ढीग दोन्ही हातांनी उचलला आणि पुन्हा पाण्यात टाकला.

यजमान हसले. “बघ. यांना काही अक्कल आहे का?”

मी गाडीच्या ड्रायव्हरला म्हटलं, त्यांना विचारा, परत का टाकलं. ड्रायव्हरला हिंदी येत होती. म्हाताऱ्याने सरळ उत्तर दिलं. इथे न्यायला कोणी येत नाही. जाळलं तर धूर घरात येतो. पाण्यातून येतं, म्हणून पाण्यात टाकतो. उद्या पुन्हा जाळ्यात येतं. मग त्याने विचारलं, हे लोक कुठले? ड्रायव्हर म्हणाला, नाशिकचे, जिथून गोदावरी निघते तिथले.

म्हाताऱ्याने हातातलं जाळं खाली ठेवलं. ओले हात लुंगीला पुसले आणि आम्हाला वाकून नमस्कार केला. बायकोला हाक मारली. तीही आली आणि तिनेही हात जोडले, डोळे मिटून, देवळात जोडतात तसे. यजमान चपापून दोन पावलं मागे सरकले. मी जागची हलले नाही. कुणी माझ्याकडे असं कधीच बघितलं नव्हतं.

म्हातारा काहीतरी विचारत होता. ड्रायव्हरने सांगितलं, तो म्हणतो, आम्ही तिथे कधी आलो नाही, आता या वयात येणंही होणार नाही. तिथे पाणी कसं असतं? फार निर्मळ असेल ना?

दोघंही माझ्या तोंडाकडे बघत उभे होते.

मी म्हटलं, “हो. फार निर्मळ.”

ड्रायव्हरने ते तेलुगूत सांगितलं. म्हातारी हसली, आणि टोपलीतला त्यातल्या त्यात मोठा मासा काढून तिने माझ्या हातावर ठेवला.